शाळेचे वर्ष आणि उचलीचे वर्ष

महाराष्ट्रातल्या शाळांचा पट अनेक वर्षे ३० सप्टेंबर ही तारीख धरून मोजला गेला. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीच्या तक्त्यात त्या दिवशीची संख्या भरायची आणि तिच्यावरून शिक्षक, पुस्तके, खोल्या यांचा हिशेब लावायचा, अशी रीत होती. २०११ साली राज्यभर गाजलेली पटपडताळणी झाली, तीही ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत. देशाची जनगणना मात्र फेब्रुवारीत होते. २०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. बहुतेक तालुक्यांत या तारखांनी काही बिघडत नाही. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाड्यात बिघडते. सप्टेंबरअखेर इथल्या पाड्यांवर माणसे असतात, कारण भात आणि नागली उभी असते. फेब्रुवारीत त्यांतली कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर पोचलेली असतात. म्हणजे मुलाला विद्यार्थी म्हणून मोजले तेव्हा ते गावात होते आणि माणूस म्हणून मोजले तेव्हा ते गावात नव्हते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतील, पण ते एकाच मुलाच्या वर्षाची दोन अर्धुके आहेत. उपयोजित अर्थशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने हे आकडे शेजारी ठेवून 'नोंदणी पुरेशी, मग शिकणे कमी का' असा प्रश्न काढला, तर उत्तर शोधण्याआधी त्याला या तारखांकडे पाहावे लागेल.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. जव्हार-मोखाड्यातील शिक्षणाचा इतिहास आपण शाळा किती निघाल्या, कोणी काढल्या, शिक्षक आले की नाही, या क्रमाने लिहितो. तो इतिहास खोटा नाही, पण अपुरा आहे. मूल वर्गात बसणार की नाही, हे इथे शाळेपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीने ठरत आले आहे: त्या कुटुंबाच्या वर्षातल्या कोणत्या महिन्यांवर कोणाचा हक्क आहे. हा हक्क कधी खावटी देणाऱ्या सावकाराचा होता, कधी लग्नाला पैसे देणाऱ्या जमीनदाराचा. आज तो बयाणा, म्हणजे आगाऊ उचल, देणाऱ्या भट्टीमालकाचा आहे. ज्या प्रयोगांनी शाळेला त्या महिन्यांच्या मागे नेले किंवा तो हक्कच मोडला, ते टिकले. ज्या योजनांनी कुटुंबाकडून शाळेच्या वर्षाप्रमाणे जगण्याची अपेक्षा धरली, त्या कागदावर पार पडल्या.

आधी मुलूख पाहू. जव्हार हे महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचे संस्थान. घराण्याची परंपरा चौदाव्या शतकातल्या जयबा मुकण्यांपासून सांगितली जाते आणि यशवंतराव मुकणे यांच्या कारकिर्दीत, १९४८ मध्ये, ते मुंबई प्रांतात विलीन झाले. क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल, १९०१ च्या खानेसुमारीत वस्ती ४७,५३८. शेजारचा मोखाडा मात्र इंग्रजी अमलात होता, शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे उपविभाग, म्हणून. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानंतर आदिवासी मुलखांची जी 'अंशतः वगळलेली क्षेत्रे' ठरली, त्यांत मोखाडा पेटा आला. जव्हार संस्थान असल्यामुळे त्या यादीचा प्रश्नच नव्हता. एकाच डोंगराळ पट्ट्यात, एकाच वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजांवर दोन वेगळ्या राजवटी असा हा शेजार होता. अर्थतज्ज्ञ लक्ष्मी अय्यर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतभर असे दाखवले की, थेट इंग्रजी अमलातल्या प्रदेशांत शाळा, दवाखाने, रस्ते या सोयी स्वातंत्र्यानंतरही संस्थानी प्रदेशांच्या मानाने कमी राहिल्या. त्या न्यायाने जव्हार आणि मोखाडा यांच्या वाटा निराळ्या व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात दोन्ही तालुके आज पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहेत, जव्हारच्या एकाच आदिवासी विकास प्रकल्पाखाली येतात आणि कुपोषण, पाणीटंचाई, स्थलांतर यांच्या बातम्यांत त्यांची नावे जोडीनेच छापली जातात. राजा होता की कलेक्टर, यापेक्षा खोलवरचे काहीतरी दोन्हीकडे सारखे होते.

ते सारखेपण शेतीच्या वर्षात दिसते. उन्हाळ्यात राब भाजायचा: झाडांच्या फांद्या, पाला, शेण वाफ्यावर पसरून जाळायचे, म्हणजे रोपे तरारून येतात. जूनमध्ये पेरणी, जुलैत आवणी, वरकस जमिनीवर नागली आणि वरई, मग निंदणी, मग राखण, दिवाळीच्या आगेमागे कापणी. शाळा उघडते जूनच्या मध्यावर, म्हणजे कामाचा भर सुरू होतो त्याच पंधरवड्यात. आवणीला मोठी माणसे चिखलात असतात आणि तान्ह्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी लागते. पिके उभी असेपर्यंत गुरे मोकळी सोडता येत नाहीत; ती शेतात घुसू नयेत म्हणून जून ते नोव्हेंबर गुराखी हवाच आणि तो बहुधा आठ-दहा वर्षांचा मुलगा असतो. कापणी झाली की गुरे मोकाट सुटतात आणि मुलगा मोकळा होतो. नेमके तेव्हाच घरातले धान्य मोजून पाहिले जाते, ते होळीपर्यंतही पुरणार नाही हे दिसते आणि कुटुंब डोंगर उतरते. पावसाळ्यात मूल गावात असते पण मोकळे नसते. हिवाळ्यात ते मोकळे असते पण गावात नसते. ज्या शाळेचे वर्ष जून ते एप्रिल असे आखले आहे, तिच्या वाट्याला या मुलाचे पूर्ण रिकामे असे महिनेच येत नाहीत.

हंगाम एवढा अडवतो. पण वर्ष खऱ्या अर्थाने बांधून टाकते ते कर्ज. श्रावण-भाद्रपदात कणगी रिकामी असते आणि पीक अजून हिरवे असते. या महिन्यांत सावकार धान्य देई, ते खावटी. पीक आले की दिडीने किंवा दुपटीने परत घेई. लग्नासाठी पैसे लागले की जमीनदाराकडून ते उचलायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे, ही लग्नगडीची पद्धत. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३९ च्या अहवालात ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींची वेठ, खावटी आणि ही लग्नगडी यांची नोंद केली आहे. या व्यवहाराकडे शिक्षणाच्या बाजूने पाहिले, तर एक गोष्ट ठळक होते. लग्नगडी स्वतःच्या श्रमाबरोबर बायकोचे श्रमही गहाण टाकतो. आई दिवसभर मालकाच्या शेतावर किंवा घरात असली की तिच्या मागे राहिलेले घर, पाणी आणि तान्हे मूल थोरल्या मुलीच्या गळ्यात पडते. त्या मुलीची शाळा कोणीही जाणूनबुजून बुडवलेली नाही. ती आईच्या मजुरीत आधीच खर्च झालेली आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगाला जे निवेदन दिले, त्यात बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. पण त्याबरोबरच गुरे राखणे आणि शेतीकाम यांमुळे गरिबांची मुले शाळेत येत नाहीत आणि हजेरीसाठी त्यांना शिष्यवृत्त्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे देणे अत्यावश्यक आहे, असेही होते. पुढे जवळजवळ आठ दशकांनी, १९६१ मध्ये, अमेरिकन अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी शिक्षणाच्या खर्चात विद्यार्थ्याने गमावलेली कमाई धरली पाहिजे असे मांडले आणि मानवी भांडवलाचा सगळा अभ्यास त्या वाटेने गेला. फुल्यांनी त्याच खर्चाकडे गुराख्याच्या बाजूने पाहिले होते. शाळेची फी माफ केली तरी गुरे कोण राखणार हा प्रश्न माफ होत नाही, हे त्यांच्या निवेदनाचे सार आहे. सक्ती आणि भरपाई त्यांनी एकत्र मागितली होती. नंतरच्या धोरणांनी कधी एक उचलली, कधी दुसरी. दोन्ही एकत्र क्वचितच.

हक्क मोडला की काय होते, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. मे १९४५ मध्ये झरीला किसान सभेची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांचा लढा उभा राहिला, त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबारात माणसे मारली गेली, आणि वेठ व लग्नगडी या दोन्ही प्रथा त्या पट्ट्यात मोडीत निघाल्या. लढ्याचे मागणे मजुरीचे आणि माणुसकीचे होते, शाळेचे नव्हते. तरीही ज्या तलासरीत हा लढा रुजला, तिथे पुढे चळवळीनेच शाळा काढल्या आणि गोदावरीबाईंच्या नावाचे महाविद्यालय उभे केले. एका जागेवरून नियम काढणे घाईचे होईल, हे मान्य. पण क्रम लक्षात घ्यावा: आधी माणसाचे महिने त्याच्या स्वतःच्या ताब्यात आले, मग त्याने पोरांच्या वर्षांचा विचार केला. याच सुमारास बाळासाहेब खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ काढले आणि वसतिगृहांच्या, शाळांच्या मार्गाने ठाणे जिल्ह्यात काम सुरू केले. त्या कामाची दिशा मात्र उलटी होती: शाळा आली की कर्जाचा फास सैल होईल, अशी तिची धारणा. दोन्ही दिशांनी काही साधले. पण शाळा आधी पोचली आणि फास तसाच राहिला, तिथे शाळेला पोरे मिळवण्यासाठी झगडावे लागले.

तो झगडा सर्वांत डोळसपणे कोणी केला असेल तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि १९५७ च्या सुमारास ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. जव्हार-मोखाड्याच्या उतरणीवरचाच हा वारली मुलूख. तिथे त्यांना दिसले की मुले येत नाहीत ती शाळा नको म्हणून नव्हे. मुले गुरांमागे आहेत आणि मुली भावंडांमागे. म्हणून शिक्षकाने गुरे चरतात त्या जागी जायचे, साधने बरोबर न्यायची आणि गुरांवर लक्ष ठेवता ठेवता जे शिकवता येईल ते शिकवायचे, अशी कुरणशाळा त्यांनी काढली. मुलींसाठी उपाय याहून अर्थपूर्ण होता. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, विकासवाडी या नावाने, ठेवल्या. थोरलीने धाकट्याला काखेत घेऊन यावे, तो पाळणाघरात राहावा, मधला बालवाडीत, आणि तिने स्वतः वर्गात बसावे. फी, पुस्तके, सक्ती यांतल्या कशाहीपेक्षा ही मांडणी त्या मुलीच्या दिवसाच्या हिशेबाशी जुळणारी होती. बालशिक्षणाच्या इतिहासात कोसबाडचे नाव शिक्षणशास्त्रासाठी घेतले जाते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही ते घ्यायला हवे. मुलीची अनुपस्थिती ही तिच्या आईच्या श्रमाची किंमत आहे, हे त्या आवाराच्या रचनेतच मांडले होते. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हे नाव ताराबाईंच्या कामातून तिथे गेले. तिन्ही वयांची मुले एकाच आवारात आणण्याची कल्पना मात्र त्या प्रमाणात गेली नाही.

राज्याने निवडलेला मुख्य उपाय आश्रमशाळेचा होता. ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढून जी वाट घालून दिली, तिच्यावरून मुंबई राज्याने १९५३-५४ पासून आश्रमशाळांना अनुदान देण्याची योजना सुरू केली आणि सत्तरच्या दशकात आदिवासी उपयोजना आल्यावर शासकीय आश्रमशाळा वाढत गेल्या. निव्वळ हिशेबाने पाहिले तर ही रचना भक्कम आहे. मूल शाळेत राहते, खाते, झोपते. घरातले एक तोंड कमी होते आणि कुटुंब भट्टीवर गेले तरी शाळा सुटत नाही. जव्हार-मोखाड्यात दहावी-बारावीपर्यंत पोचलेल्या कितीतरी आदिवासी मुलांची वाट आश्रमशाळेतूनच गेली आहे, हे नाकारून चालणार नाही. पण आश्रमशाळा एकेका मुलाला घेते, कुटुंबाला नाही. पाठवायचे कोणाला, हे घरच ठरवते आणि जे मूल घराला सर्वांत जास्त लागते ते मागे ठेवले जाते. भावंड सांभाळणारी थोरली, भट्टीवर आईच्या हाताखाली विटा पालथ्या करणारा पोरगा, हे आश्रमशाळेच्या यादीत येण्याची शक्यता सर्वांत कमी. शिवाय दिवाळीची आणि शिमग्याची सुटी संपली की किती मुले परततात, हाही दरवर्षीचा प्रश्न. आश्रमशाळेने काही मुलांना वर्षाच्या बंधनातून बाहेर काढले. बंधन तिने सैल केले नाही.

ते बंधन आज भट्टीवर स्पष्ट दिसते. गणपतीच्या आगेमागे, घरात काही नसताना, भट्टीमालक किंवा त्याचा मुकादम पाड्यावर येऊन बयाणा देतो. रक्कम जोडीला मिळते; एकट्या पुरुषाला सहसा नाही, कारण काम जोडीने चालते. एकाने गारा करायचा, दुसऱ्याने साच्यात थापायच्या, मुलांनी अर्धवट वाळलेल्या विटा पालथ्या करायच्या. दर हजारी असतो. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते आणि हिशेब निघतो तो पावसाच्या तोंडावर. बयाणा, खर्ची, आजारपणात उचललेले पैसे वजा जाऊन काही उरले तर हातात पडते, नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षीही तीच भट्टी गाठावी लागते. सावकाराची खावटी आणि हा बयाणा यांत महिनाही एकच आहे, भाद्रपद. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले, तेव्हा चर्चा आहाराची आणि दवाखान्यांची झाली, ती रास्तच होती. पण ज्या उपाशी महिन्यांत मुले खंगतात, त्याच महिन्यांत कुटुंबाचे पुढचे आठ महिने विकले जातात.

इथे पहिला आक्षेप येतो: रोजगार हमीचे काय? ही योजना तर महाराष्ट्रानेच १९७२ च्या दुष्काळात उभी केली, १९७७ चा कायदा १९७९ पासून अमलात आला आणि देशाने २००५ मध्ये तिचा कायदा केला. गावात काम मिळाले तर भट्टीवर कोण जाईल? हा तर्क अर्धा बरोबर आहे. जिथे हिवाळ्यात काम वेळेवर निघाले आणि मजुरी वेळेवर मिळाली, तिथे कुटुंबे थांबण्याची शक्यता वाढते. पण हमीची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, खात्यावर येते. बयाणा कामाच्या तीन महिने आधी हातात पडतो. भाद्रपदात ज्याला धान्य घ्यायचे आहे, त्याला मार्चमधल्या मजुरीचे आश्वासन उपयोगी नाही. भट्टीमालक मजुरीबरोबर कर्जही देतो आणि सरकार फक्त मजुरी देते, म्हणून दर समान असले तरी हा सामना बरोबरीचा होत नाही. सरकारला हे कळले नव्हते असे नाही. आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना नेमक्या याच पोकळीसाठी होती. पण मजुरीचे खाते एकीकडे, खावटीचे दुसरीकडे आणि शाळेचे तिसरीकडे राहिले. तिन्ही मिळून एकाच कुटुंबाचे एकच वर्ष होते, हे कोणत्याच खात्याच्या वहीत लिहिलेले नव्हते.

दुसरा आक्षेप जुना आणि हट्टी आहे: आदिवासींना शिक्षणाची आवडच नाही. १९९९ मध्ये उत्तर भारतातल्या राज्यांवर प्रसिद्ध झालेल्या 'प्रोब' अहवालात मुलांचे शिक्षण महत्त्वाचे मानणाऱ्या पालकांचे प्रमाण ९८ टक्के आणि मुलींच्या बाबतीत ८९ टक्के आढळले होते. तो अहवाल जव्हारचा नाही. पण गरीब पालक म्हणजे उदासीन पालक, हे समीकरण त्याने मोडले. इथला पुरावा त्याहून जवळचा आहे. नव्वदच्या दशकात वसई तालुक्यातल्या विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या. मजुराच्या तात्पुरत्या खोपटाला भोंगा म्हणतात. तशाच एका भोंग्यात वर्ग भरायचा, विटा थापण्याच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. मुले आली. आवड नसती तर शाळा दारात आल्यानेही आली नसती. कुरणशाळेने गुराख्याला जे दिले तेच भोंगाशाळेने भट्टीवरच्या पोराला दिले: कुटुंबाचे काम न मोडता शाळा. राज्यानेही पुढे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड असे उपाय केले. कार्डाने मूल जिल्हा परिषदेच्या दुसऱ्या शाळेत बसू शकते खरे. पण ऐन वर्षात पटावर नसलेले पोर आले, तर त्याचे पुस्तक, त्याचा तांदूळ, त्याची जबाबदारी कोणाच्या खात्यावर, हा प्रश्न कार्डावर छापलेला नसतो.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मायरन वायनर या राज्यशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये भारतातील बालमजुरीवर लिहिताना असे म्हटले की, गरिबी हे कारण नव्हेच. इतर देश गरीब असतानाच शिक्षण सक्तीचे करू शकले, भारताच्या राज्यकर्त्या वर्गाची तशी इच्छाच नव्हती. मुंबई प्रांताच्या बाबतीत या टीकेत तथ्य आहे. गोखल्यांचे १९११ चे विधेयक पडले. १९१८ आणि १९२३ चे कायदे सक्तीचा निर्णय स्थानिक संस्थांवर सोडून मोकळे झाले. १९४७ च्या कायद्यानंतरही सक्ती बजावली गेली ती बेताचीच. तरीही वायनरचे उत्तर इथे थेट लागू पडत नाही. सक्तीचा कायदा पालकाला एका पत्त्यावर धरतो आणि हे पालक अर्धे वर्ष त्या पत्त्यावर नसतात. ज्याच्याशी त्यांचा करार आहे तो मालक कायद्याच्या चौकटीबाहेरच राहतो. स्थलांतरित मजुरांसाठीचा १९७९ चा कायदा आंतरराज्य मजुरांपुरता होता. मोखाड्याहून भिवंडीला जाणारा मजूर राज्य ओलांडत नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा होईपर्यंत तर तो जिल्हाही ओलांडत नव्हता. सक्ती हवीच, पण तिचे टोक आजवर चुकीच्या माणसाकडे राहिले.

भरपाईचा प्रयोगही राज्याने केला आहे आणि तो नमुन्यादाखल पाहण्यासारखा आहे. १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर दिवसाला १ रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये उपस्थिती भत्ता देण्याची योजना सुरू झाली. मेक्सिकोची 'प्रोग्रेसा' ही सशर्त मदतीची योजना १९९७ ची, जगभरच्या संशोधनाचा विषय झालेली. महाराष्ट्र तिच्या पाच वर्षे आधी त्याच कल्पनेपर्यंत पोचला होता. पण भत्त्याला ७५ टक्के हजेरीची अट होती. २२० दिवसांचे ७५ टक्के म्हणजे १६५ दिवस. दिवाळीनंतर डोंगर उतरणाऱ्या मुलीचे शाळेचे दिवस तोवर निम्म्याच्या आसपास झालेले असतात. ती रोज न चुकता आली तरी अट पुरी होणे शक्य नाही. ज्या मुलीसाठी भत्ता हवा होता, तिलाच अटीने बाहेर ठेवले आणि ती मिळवणार होती तो रुपया दोन दशकांहून अधिक काळ रुपयाच राहिला. १९९५ पासून दरमहा तीन किलो तांदूळ ८० टक्के हजेरीवर मिळत असे, त्यातही हाच दोष थोड्या कमी प्रमाणात होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न सुरू झाले, त्याने हा दोष बराच काढला, कारण भूक महिनाअखेरच्या टक्केवारीची वाट पाहत नाही.

अलीकडच्या संशोधनातला एक निष्कर्ष या युक्तिवादाला वरवर छेद देतो. मनीषा शहा आणि ब्राइस स्टाइनबर्ग यांनी २०१७ मध्ये दाखवले की, ग्रामीण भारतात पाऊस चांगला झाला त्या वर्षी मुलांची हजेरी आणि गुण घसरतात, कारण शेतात काम आणि मजुरी वाढते; दुष्काळात काम नसते म्हणून मुले शाळेत असतात. मजुरीमुळे शाळा महागते, हे आपल्याही म्हणण्याशी जुळते. पण जव्हार-मोखाड्यात दुष्काळाचा परिणाम उलटा होण्याकडे कल असणार, कारण पीक बुडाले की इथे काम संपत नाही, ते शंभर किलोमीटर खाली सरकते. बयाणा लवकर घेतला जातो आणि कुटुंब लवकर निघते. देशाच्या सरासरीत खरा असलेला नियम एका पट्ट्यात उलटा चालू शकतो, आणि तो उलटा का चालतो हे सरासरी सांगत नाही. त्यासाठी त्या पट्ट्याचा इतिहास वाचावा लागतो. भाषेची अडचण मात्र या महिन्यांच्या हिशेबात बसत नाही. वारली, कोकणा किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलासमोर पहिल्या दिवशी पुस्तकी मराठी येते, ही अडचण खरी आहे आणि कर्ज फिटल्याने ती सुटणार नाही. पण ती वर्गात बसलेल्या मुलाची अडचण आहे. जानेवारीत रिकाम्या राहिलेल्या जागेचे कारण तिच्यात सापडत नाही.

पहिली सुधारणा म्हणून मोजणी बदलायला हवी. ३० सप्टेंबरच्या पटाला जानेवारीतल्या हजेरीची जोड द्यावी, तीही गावच्या शाळेत आणि भट्ट्यांच्या तालुक्यात एकाच दिवशी, म्हणजे मूल हरवले की सरकले हे कळेल. दुसरे, सक्तीचे टोक फिरवावे. जो जोडीला बयाणा देतो, त्याच्यावरच त्या जोडीच्या मुलांच्या शाळेची आणि तान्ह्यांच्या पाळणाघराची जबाबदारी कायद्याने टाकावी. मजुराच्या मुलांवाचून वीट स्वस्त पडत नसेल, तर ती स्वस्त नव्हतीच. तिच्या किमतीचा काही भाग मोखाड्यातल्या एखाद्या मुलीच्या चौथीने भरला होता. तिसरे, भाद्रपदातली खावटी, हिवाळ्यातले रोजगार हमीचे काम आणि शाळेचे वर्ष यांचे वेळापत्रक तालुक्याच्या पातळीवर एकत्र आखावे. यांतले काहीच अभूतपूर्व नाही. हजेरीची भरपाई फुल्यांनी मागितली होती, पाळणाघरासह शाळा कोसबाडने चालवून दाखवली, कामाच्या जागी शाळा भोंग्यांनी दाखवली. प्रत्येक उपाय एकेकटा, एकेका तुकड्यावर वापरला गेला, आणि भाद्रपदात होणारा सौदा कोणाच्याच अखत्यारीत आला नाही. २०११ च्या गणनेत जव्हारची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती. एवढ्या वस्तीचे वर्ष एकत्र बसून आखणे राज्याच्या कुवतीबाहेरचे आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. ते आखले गेले नाही, याचे उत्तर राज्याकडे मागायला हवे, आदिवासी पालकाच्या आवडीनिवडीकडे नव्हे.